नाणे खणावे की बाजारात घ्यावे?

धार जिल्ह्याच्या नैऋत्य भागात, नर्मदेच्या उत्तरेस, डही नावाचे तहसिलीचे गाव आहे. धार आणि देवास म्हटले म्हणजे मराठी माणसाला पवारांच्या गाद्या आठवतात. पण डहीचा मुलूख हा भिल्ल-भिलाल्यांचा, कापूस, मका आणि मिरची पिकवणाऱ्यांचा. माल पिकवावा, गाडीत घालावा, कुक्षीच्या मंडीत न्यावा आणि बोली लागेल त्या भावाने विकावा, हा तेथील पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार. शेतकऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही: फळ्यावर लिहिलेला भाव निराळा आणि गाडी रिकामी झाल्यावर हातात पडलेले पैसे निराळे.

अशा गावीही हल्ली मुलांच्या मोबाईलवर एका निराळ्याच मालाचे भाव झळकत असतात. त्या मालाला वजन नाही, वास नाही, पोत्यात तो भरता येत नाही. त्यास क्रिप्टो म्हणतात. बिटकॉइनचे नाव आता बहुतेकांच्या कानांवरून गेले आहे. परंतु तरुणांचे मन बहुधा बिटकॉइनवर बसत नाही. 'ते फार महाग. त्यापेक्षा दोन रुपयांचे एखादे नवे नाणे घ्यावे, उद्या तेही लाखाचे होईल,' असा त्यांचा हिशेब असतो. मग दुसरा प्रश्न उभा राहतो. हे नाणे घरी यंत्र बसवून स्वतः निर्माण करावे, की बाजारात जाऊन सरळ विकत घ्यावे? पहिल्या मार्गाला मायनिंग, म्हणजे खाणकाम, असे भारदस्त नाव आहे. दुसऱ्या मार्गासाठी एक्सचेंज नावाचे बाजार आहेत. आमच्याकडील एका गृहस्थांनी नुकतेच विचारले, "फादर, पोरगा म्हणतो, यंत्रासाठी लाख रुपये द्या, घरबसल्या नाणी पडतील. द्यावे का?" प्रश्न एकट्या त्यांचा नाही, म्हणून त्याचा येथे सविस्तर विचार करू.

प्रथम खाणकाम म्हणजे काय ते पाहू. येथे कुदळ नाही की फावडे नाही. बिटकॉइन ही मुळात एक सार्वजनिक खातेवही आहे. कोणी कोणास किती दिले याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते. सुमारे दर दहा मिनिटांनी या वहीत एक नवे पान जोडले जाते. ते पान जोडण्याचा मान कोणाचा, हे ठरवण्यासाठी संगणकांमध्ये एक शर्यत लागते. एका अवघड आकड्याचे उत्तर अंदाजाने शोधायचे. ज्याचे यंत्र सेकंदाला जास्त अंदाज करील त्याची जिंकण्याची शक्यता अधिक. जिंकणाऱ्यास बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. ही व्यवस्था 'सातोशी नाकामोतो' असे टोपणनाव धारण करणाऱ्या कोणा व्यक्तीने २००८ साली मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हा बक्षीस पन्नास नाण्यांचे होते. दर चार वर्षांच्या सुमारास ते निम्मे होत गेले: २०१२ मध्ये पंचवीस, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा, आणि एप्रिल २०२४ पासून केवळ ३.१२५. सर्व मिळून दोन कोटी दहा लाखांहून अधिक नाणी कधीच निघावयाची नाहीत, असा त्या वहीचा नियम आहे.

आरंभी ही शर्यत कोणीही घरच्या संगणकावर धावू शकत असे. पुढे या एकाच कामासाठी घडवलेली यंत्रे आली, त्यांची गोदामे उभी राहिली, आणि शर्यत घोड्यांची न राहता आगगाड्यांची झाली. आता घरच्या यंत्राचा हिशेब करून पाहू. एस-१९ नावाचे एक प्रसिद्ध यंत्र आहे. ते सेकंदाला ९५ टेराहॅश या वेगाने अंदाज करते आणि सव्वातीन किलोवॅट वीज ओढते. म्हणजे तासाला सव्वातीन युनिट, दिवसाला ७८ युनिट. सात रुपये युनिट धरले तर दिवसाला ५४६ रुपयांची वीज. मिळकत काय? २०२५ मध्ये साऱ्या जगातील बिटकॉइन यंत्रांची एकत्रित शक्ती अशा सुमारे एक कोटी पाच लाख यंत्रांइतकी झाली होती. दिवसभरात नवी नाणी निघतात सुमारे ४५०. त्यांतील आपल्या एका यंत्राचा वाटा काढला आणि नाण्याचा भाव ८० लाख रुपये धरला, तर दिवसाला ३४२ रुपये पडतात. भाव एक कोटी धरला तरी ४२८. म्हणजे यंत्राची किंमत बाजूला ठेवली, उन्हाळ्यातील निमाडचे ऊन बाजूला ठेवले, वीज जाण्याचे तास बाजूला ठेवले, तरी रोज शंभर-दोनशे रुपये खिशातून घालावे लागतात. विजेचे बिल रुपयांत येते आणि ठरल्या दिवशी येते. नाण्याचा भाव मात्र आपल्या मर्जीने येतो.

'बिटकॉइनचे असे असेल, पण लहान नाण्याचे तसे नाही,' असे यावर सांगण्यात येते. त्यात तथ्याचा अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. काही लहान नाण्यांची शर्यत मुद्दाम अशी आखलेली असते की तीत गोदामातील यंत्रांना फारसा फायदा मिळू नये. खेळांसाठी मुले संगणकात जे ग्राफिक्स कार्ड बसवतात त्यावर ती चालावी. रेव्हनकॉइन हे अशांपैकी एक. ते ३ जानेवारी २०१८ रोजी सुरू झाले. मोनेरो नावाच्या नाण्याची शर्यत तर साध्या संगणकाच्या मुख्य चिपवरही धावता येते. परंतु शर्यत सोपी झाली की धावणारे वाढतात, आणि बक्षीस तर ठरलेले असते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या दुसऱ्या क्रमांकाच्या नाण्याने खाणकामाची पद्धत एका दिवसात बंद केली. त्यावर काम करणारी जगभरची असंख्य कार्डे रिकामी झाली. त्यांच्या मालकांनी ती कोठे वळवली? रेव्हनकॉइन, इथेरियम क्लासिक अशा धाकट्या नाण्यांकडे. काल ज्या विहिरीवर दहा मोटा होत्या तीवर आज शंभर आल्या, पाणी तेवढेच. प्रत्येकाच्या वाट्याचे नाणे घटले, आणि जो तो वीजबिलासाठी मिळालेले नाणे लगेच विकू लागला, त्यामुळे भावालाही ओढ बसली.

यंत्रवाल्याची एक बाजू मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. भाव पडला तर तो यंत्र बंद करू शकतो, आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर ते कोणा विद्यार्थ्यास विकू शकतो. नाणे विकत घेणाऱ्यास ही सोय नाही. पण एस-१९ सारख्या यंत्राला दुसरे कोणतेही काम येत नाही. त्याच्यावर पत्र टाइप होत नाही की हिशेब होत नाही. कालबाह्य झाले की ते भंगाराच्याच वजनकाट्यावर जायचे.

आता यंत्रवाल्याला जी गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही ती सांगतो. ही करांची गोष्ट आहे आणि जरा रुक्ष आहे, तरी वाचकांनी ती ओलांडून पुढे जाऊ नये. १ एप्रिल २०२२ पासून आपल्या देशात क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे, वर त्यावरील चार टक्के उपकर, एकूण ३१.२ टक्के. एरवीचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असले तरी यातून सुटका नाही. नफा काढताना नाण्याची खरेदीची किंमत तेवढी वजा करता येते, दुसरा कोणताही खर्च नाही. आता पाहा. एकाने बाजारात तीस हजारांना नाणी घेतली आणि चाळीस हजारांना विकली. त्याचा नफा दहा हजार, कर ३,१२० रुपये. दुसऱ्याने तीस हजारांची वीज जाळून तीच नाणी घरी खणली आणि चाळीस हजारांना विकली. त्याची खरेदीची किंमत काय? काहीच नाही. यंत्रसामग्रीचा खर्च हा नाण्याची खरेदी-किंमत म्हणून धरता येणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट सांगितले. तेव्हा पूर्ण चाळीस हजारांवर कर: १२,४८० रुपये. हातात उरलेले दहा हजार, आणि कर बारा हजारांचा! शेजारच्या देशात काय नियम आहेत याच्याशी आपणांस कर्तव्य नाही. येथे राहणाऱ्या मनुष्याचा हिशेब येथल्याच कायद्याने होणार.

तेव्हा 'खणावे की घ्यावे' या प्रश्नाचे निव्वळ गणिती उत्तर देण्यास मला संकोच वाटत नाही. लहान गावातील कुटुंबाने घरगुती विजेवर नाणे खणणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ज्याला ते नाणे हवेच आहे त्याने ते विकत घेणे स्वस्त पडते, आणि निदान आपण किती रुपये घातले हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक असते.

परंतु येथे एक तिसरा मनुष्य पुढे येतो. तो म्हणतो, 'यंत्र तुम्ही कशाला घेता? आमची यंत्रे परदेशात थंड हवेत चालू आहेत. तुम्ही फक्त पैसे द्या. खाणकाम आम्ही करू, नाणी तुमची.' या गोड बोलण्याने महाराष्ट्रात जे झाले ते पुण्याच्या पोलिसांच्या दप्तरात नोंदलेले आहे. २०१५ च्या सुमारास अमित भारद्वाज याने गेनबिटकॉइन नावाची योजना काढली. बिटकॉइन आमच्याकडे द्या, त्यावर दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने बिटकॉइनमध्येच परत घ्या, असे वचन होते. शिवाय दुसरा गिऱ्हाईक आणून दिल्यास दलाली निराळी. जो दरमहा दहा टक्के देतो तो स्वतःच बँकेकडून कर्ज का काढत नाही, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पुढे बिटकॉइन देणे थांबले आणि त्याच्या जागी एमकॅप नावाचे, त्याच मंडळींनी काढलेले नाणे लोकांच्या पदरात टाकण्यात आले. ज्याने खाणकामासाठी पैसे दिले तो अशा रीतीने, न मागता, एका अप्रसिद्ध नाण्याचा मालक झाला. आणि त्या नाण्याची किंमत बिटकॉइनच्या मानाने कितीतरी कमी होती. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाज यास अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सी.बी.आय.कडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या खात्याने साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांत पुणे होते, नांदेड होते, कोल्हापूरही होते. गोळा केलेल्या बिटकॉइनची २०१७ सालची किंमतच ६,६०० कोटी रुपये होती, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. नांदेड-कोल्हापूरकडील ज्या लोकांनी शेत, दागिने यांच्या आधारावर रक्कम उभी केली असेल, त्यांच्या दृष्टीने हा आकडा केवळ आकडा नव्हे.

एमकॅप निदान काही बाजारांत दिसत तरी होते. वनकॉइनची कथा याहूनही विलक्षण. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईच्या पोलिसांनी वनकॉइनचा प्रचार करणाऱ्या अठरा जणांना एका सभेतून पकडले. हे नाणे रुजा इग्नातोव्हा नावाच्या बल्गेरियातील बाईने काढले होते. त्याच्याही 'खाणी' होत्या, त्याचाही भाव दर महिन्याला चढत होता. पण आरंभी सांगितलेली ती सार्वजनिक खातेवही? तशी वहीच नव्हती. भाव ठरवीत होती ती कंपनी, आणि विकण्याची सोय होती ती फक्त कंपनीच्याच बाजारात. तो बाजार जानेवारी २०१७ मध्ये बंद करण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाई नाहीशी झाली. तिच्या साथीदारास, कार्ल ग्रीनवुड यास, अमेरिकेच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा दिली. बाईचा शोध घेणाऱ्यांनी तिचे नाव २०२२ साली आपल्या दहा अतिवांछित गुन्हेगारांच्या यादीत घातले.

वाचक म्हणतील, ही तर उघड फसवणूक झाली. आम्ही खरे नाणे, खऱ्या बाजारात, स्वतः घेऊ. ठीक आहे. आता त्या बाजारातच जाऊ. एक्सचेंजवर खाते उघडण्यास पॅन, आधार आणि बँकेचे खाते लागते. मार्च २०२३ पासून अशा एक्सचेंजांना काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागात नोंद करावी लागते. परदेशी एक्सचेंजांपैकी नऊ जणांनी ती केली नाही म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये त्यांस नोटिसा गेल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांची ॲपे भारतात बंद पाडण्यात आली. त्यांतील काहींनी मागाहून नोंद केली. लहान नाणी मिळण्याची जागा मात्र पुष्कळदा ही परदेशी एक्सचेंजेच असतात. म्हणजे जे नाणे अप्रसिद्ध तेच अधिक आडबाजूच्या दुकानात.

बाजारात भाव कसा ठरतो? मंडीत जसे घेणारे बोली लावून उभे असतात तसे येथेही असतात. फक्त त्यांची रांग पडद्यावर आकड्यांनी दिसते. बिटकॉइनसाठी ही रांग लांब असते. अप्रसिद्ध नाण्यासाठी ती चार माणसांची असते. उदाहरणासाठी असे समजा की पडद्यावर एका नाण्याचा भाव दोन रुपये दिसतो आहे आणि तुमच्याजवळ वीस हजार नाणी आहेत. तुम्ही मनात चाळीस हजार रुपये धरता; पत्नीलाही तसे सांगता. आता विकायला काढा. पहिला गिऱ्हाईक १.९८ देतो, पण त्याला दोनच हजार नाणी हवी आहेत. दुसरा १.८० देतो, पाच हजारांसाठी. तिसरा दीड रुपयास दहा हजार घेतो. उरलेली तीन हजार कोणीतरी १.२० ने उचलतो. बेरीज करा: ३,९६० अधिक ९,००० अधिक १५,००० अधिक ३,६००. एकूण ३१,५६०. चाळीस हजारांतले साडेआठ हजार कोणी चोरले नाहीत. ते मुळी नव्हतेच. आणि ही झाली बऱ्या दिवसाची गोष्ट. बाजारात घबराट झाली की हे चार जणही उठून जातात. मंडीत कापसाला गिऱ्हाईक नसले तर गाडी परत आणता येते, निदान गादीत भरता येतो. या मालाचे काय करावे?

दोन रुपयांचे नाणे 'स्वस्त' असते ही समजूतही येथेच खोडून टाकावी. बिटकॉइन अख्खे घ्यावे लागत नाही. शंभर रुपयांचा तुकडाही मिळतो. आणि स्वस्त-महाग हे एका नाण्याच्या भावावरून नव्हे, तर एकूण नाणी किती यावरून ठरते. डोजकॉइन हे नाणे डिसेंबर २०१३ मध्ये दोघा संगणकज्ञांनी थट्टेखातर काढले. त्यात दर मिनिटाला दहा हजार नवी नाणी निघतात. वर्षाला पाचशे कोटींहून अधिक, आणि त्यास शेवट ठेवलेला नाही. असे नाणे बिटकॉइनच्या भावाला जाईल अशी आशा धरणे म्हणजे ज्वारीचा दाणा मोत्याच्या भावाने विकण्याची वाट पाहणे होय. डोज निदान सर्वांस ठाऊक आहे, त्याची रांग लांब आहे. ज्याचे नावही शेजाऱ्याने ऐकलेले नाही त्याचे काय?

लहान नाण्याला आणखी एक दुखणे असते, ते खाणकामातूनच येते. खातेवहीवर अंदाज करणाऱ्या यंत्रांपैकी निम्म्याहून अधिक शक्ती एकाच्या हाती गेली, तर तो लिहिलेली पाने फाडून नवी लिहू शकतो. बिटकॉइनच्या बाबतीत हे करण्यास अफाट पैसा लागेल. लहान नाण्याच्या बाबतीत तेवढी यंत्रशक्ती काही तासांपुरती भाड्याने घेता येते. बिटकॉइन गोल्ड हे नाणे ऑक्टोबर २०१७ मध्ये निघाले ते याच घोषणेने की घरच्या संगणकावर सामान्य माणसाला खणता यावे. मे २०१८ मध्ये कोणीतरी त्याच्या वहीवर असा ताबा मिळवला, एक्सचेंजमध्ये नाणी जमा केली, त्यांचे दुसरे चलन करून काढून घेतले, आणि मग जमा केल्याचे पानच उलटवले. सुमारे एक कोटी ऐंशी लाख डॉलरचा फटका एक्सचेंजांना बसला. पुढे बिट्रेक्स या अमेरिकन एक्सचेंजने ते नाणे आपल्या यादीतून काढून टाकले. यादीतून काढले म्हणजे काय? म्हणजे ज्या मंडीत आपण माल घेतला तिने तो माल विकत घेण्याचे दार लावून घेतले. इथेरियम क्लासिकवरही जानेवारी २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२० मध्ये असेच हल्ले झाले.

मग बाजाराचाच भरवसा किती? येथे मुंबईचे तीन अनुभव पुरे आहेत. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना या व्यवहारांपासून दूर होण्याचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द केला खरा, पण तोवर मुंबईचे कॉइनेक्स हे एक्सचेंज २७ जून २०१९ रोजी बंद झाले होते. दुसरा अनुभव वझीरएक्सचा. १८ जुलै २०२४ रोजी त्याच्या तिजोरीतून सुमारे तेवीस कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. ग्राहकांच्या ठेवीपैकी ही रक्कम पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या सरकारांनी या चोरीचे बोट उत्तर कोरियाकडे दाखवले. डहीच्या मुलाचे पैसे, चोर उत्तर कोरियाचे, आणि दावा चालला सिंगापूरच्या न्यायालयात! ज्यांची नाणी प्रत्यक्ष चोरीस गेली नव्हती त्यांच्याही वाट्यास तोटा आला, कारण तो सर्वांवर वाटून टाकण्याची योजना झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत पंधरा महिने लोक नुसते पडद्याकडे पाहत होते. तिसरे उदाहरण कॉइनडीसीएक्सचे: १९ जुलै २०२५ रोजी तेथून सुमारे चार कोटी चाळीस लाख डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातील होते, ग्राहकांना झळ लागली नाही, असे कंपनीने जाहीर केले.

एक्सचेंजच्या तिजोरीत ठेवायचे नसेल तर नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये आणता येतात. मग त्यांची किल्ली म्हणजे बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांची एक माळ. ती ज्याच्याजवळ त्याचे धन. ती हरवली तर कोणी बँक मॅनेजर नाही, कोणी तलाठी नाही, वारसाचा दाखला दाखवून काही मिळत नाही. कॅनडातील क्वाड्रिगा या एक्सचेंजचा तरुण मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या देशात सहलीस आला असता जयपूरला वारला. किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, असे प्रथम सांगण्यात आले. शहात्तर हजार ग्राहक हात चोळीत बसले. नंतर चौकशीत निघाले की पैसे कुलपात नव्हतेच, त्याने ते आधीच उडवले होते. आपल्या घरांतही मुलगा सुरतेला किंवा इंदूरला कामाला असतो, त्याच्या मोबाईलमध्ये काय आहे हे आईला ठाऊक नसते. ज्याने असे काही घेतले असेल त्याने निदान एका विश्वासू माणसाला ते कोठे आहे हे सांगून ठेवावे. शब्दांचा कागद मात्र फोटो काढून कोणास पाठवू नये.

करांसंबंधी एक गोष्ट राहिली. एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकीकडे वीस हजार मिळाले, दुसरीकडे वीस हजार बुडाले. मनुष्य म्हणतो, बरोबरी झाली. कायदा म्हणतो, वीस हजारांवर ६,२४० रुपये भरा. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का उगमापाशी कापला जातो, नफा असो वा तोटा. आणि लहान नाणे पुष्कळदा रुपयांत मिळतच नाही. आधी दुसरे एखादे मोठे नाणे घ्यावे लागते, ते देऊन हे मिळते. कायद्याच्या दृष्टीने ती अदलाबदलही विक्रीच असते. त्यावरही नफ्याचा हिशेब, त्यातूनही एक टक्का. हे सर्व असूनही क्रिप्टो हे कायदेशीर चलन नव्हे. ते घेण्यास बंदी नाही, पण त्यातून झालेल्या नुकसानीस सरकार बांधील नाही. रिझर्व्ह बँक तर डिसेंबर २०१३ पासून लोकांना सावध करीत आली आहे.

इतके सांगूनही ज्याचे मन राहत नाही, आणि तरुणांचे ते राहत नाही, त्या मुलाच्या वडिलांना मी एवढेच सुचवीन की यंत्रासाठी लाख रुपये देऊ नयेत, आणि परदेशात खाण चालवणाऱ्यास तर एक पैसाही देऊ नये. कर्ज काढून, बियाण्याच्या पैशांतून किंवा बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून यात काही घालू नये. मुलाला शंभर-दोनशे रुपये द्यावे. ते एक्सचेंज वित्तीय गुप्तवार्ता विभागात नोंदलेले आहे का हे त्याने आधी पाहावे. मग जे अप्रसिद्ध नाणे त्याच्या मनात भरले आहे तेच त्याने त्या पैशांत घ्यावे. खरेदीचा आनंद करू नये. त्याच आठवड्यात ते सर्वच्या सर्व विकून दाखवावे, आणि रुपये कुक्षीच्या किंवा डहीच्या बँकेतील खात्यात आणावे. घ्यायला किती मिनिटे लागली आणि परत आणायला किती दिवस, हे वडिलांनी वहीत लिहावे. पासबुक छापून घ्यावे. किती गेले होते, किती आले, वाटेत फी म्हणून किती गेले आणि कर म्हणून किती कापला, हे चार आकडे एकाखाली एक मांडावे. कापलेला एक टक्का आयकर खात्याच्या नोंदीत मुलाच्या पॅनवर दिसतो का तेही पाहावे. दिसत नसेल तर एक्सचेंजला लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा रुपया देऊ नये.